अंदमानची सहल आणि ‘ऐच्छिक’ भेटींची यादी

प्रश्न : मी ६१ वर्षांची, साताऱ्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माध्यमिक शाळेत सत्तावीस वर्षे भूगोल शिकवला. येत्या जानेवारीत यजमान, मी आणि ओळखीची आणखी सहा जोडपी असे चौदा जण एका सहल कंपनीबरोबर सहा रात्रींसाठी अंदमानला जात आहोत. सहलीचे पैसे भरून झाले आहेत. आता कंपनीने ऐच्छिक भेटींची वेगळी यादी पाठवली आहे. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा, नॉर्थ बे येथील सी-वॉक, हॅवलॉकला स्कूबा (पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणे) आणि रात्रीचे कयाकिंग, शिवाय जॉली बॉय बेट. प्रत्येकाचा दर निराळा आहे आणि दहा दिवसांत कळवायचे आहे. बाकीची मंडळी सगळ्यालाच हो म्हणून मोकळी झाली. मला पोहता येत नाही. यजमानांची (वय ६६) दीड वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, पण ‘सी-वॉक म्हणजे चालणेच तर आहे’ असे त्यांचे म्हणणे. एवढे लांब जाऊन आम्ही दोघेच मागे राहिलो तर ते वेडेपणाचे ठरेल का? वर्गात प्रवाळाची चित्रे दाखवण्यात आयुष्य गेले. एकदा खरा प्रवाळ डोळ्यांनी पाहावा, एवढीच माझी इच्छा आहे.

उत्तर : पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखे जे वाक्य तुम्ही लिहिले आहे, तेथूनच मी सुरुवात करते. यादीत पाच भेटी आहेत, तुमची इच्छा मात्र एकच आहे आणि ती अगदी स्पष्ट आहे. ती पूर्ण होण्यासाठी पाचही भेटींचे पैसे भरण्याची गरज नाही. एका भेटीची तयारी मात्र आजपासूनच, साताऱ्यात बसून, सुरू करावी लागेल. त्या तयारीविषयी पुढे सविस्तर लिहिते, कारण एरवी अंदमानला जाऊन आलेल्या अनेकांचे प्रवाळदर्शन या तयारीअभावीच हुकते.

त्याआधी ‘ऐच्छिक’ या शब्दाविषयी थोडे. चाळीस जणांच्या सहलीत दहा जण मागे राहिले, तरी त्यांच्यासाठी दुसरी गाडी आणि दुसरा माणूस सहसा असतो. चौदा जणांच्या गटाला बहुधा एकच टेम्पो ट्रॅव्हलर आणि एकच टूर मॅनेजर दिलेला असतो. बारा जण पहाटे बाराटांगला निघाले, की गाडी आणि मॅनेजर दोन्ही त्यांच्याबरोबर जातात. मागे राहिलेल्या दोघांना दुपारचे जेवण कोठे मिळणार, रिक्षाचे पैसे कोण देणार आणि अडचण आली तर फोन कोणाला करायचा, हे कोणीच ठरवलेले नसते. मग केवळ एकटे पडू नये म्हणून माणसे नको असलेल्या भेटीला होकार देतात. म्हणून आपण मागे राहिलो तर वाईट दिसेल का, या प्रश्नात फारसे अडकू नका. आपण मागे राहिलो तर आपली सोय काय, हा प्रश्न कंपनीला लेखी विचारा. दर पाठवणाऱ्या कंपनीकडे त्याचे उत्तर असायलाच हवे.

नावांच्या बाबतीतही सावध राहा. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे आणि हॅवलॉक व नील ही बेटे २०१८ पासून अनुक्रमे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप या नावांनी ओळखली जातात. बोटीच्या तिकिटावर नवे नाव आणि कंपनीच्या यादीत जुने, असे झाल्यास गोंधळू नका. दुसरी गोष्ट तुम्हाला मी सांगायला नको, पण बरोबरच्या मंडळींना अवश्य सांगा. अंदमान जवळजवळ ९३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि तेथील घड्याळ मात्र आपल्यासारखेच ८२.५ अंशांवरचे. त्यामुळे जानेवारीत तेथे सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. ‘दुपारी चारला निघू’ असे ज्या भेटीच्या वेळापत्रकात लिहिले असेल, ती प्रत्यक्षात तासाभराचीच असते.

आता यजमानांविषयी, आणि येथे मी जरा आग्रहाने लिहिणार आहे. सी-वॉक हे चालणे आहे असे म्हणणे चुकीचे नाही, परंतु ते सुमारे सहा-सात मीटर खोल समुद्रतळावरचे चालणे आहे. डोक्यावरून खांद्यांवर एक जड शिरस्त्राण ठेवतात, वर नौकेतून नळीने हवा सोडतात आणि शिडीवरून खाली उतरवतात. दहा मीटर खोलीवर शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. सहा मीटरवर तो सुमारे दीडपटीहून थोडा अधिक असतो. हा फरक सर्वांत आधी कानांना कळतो, तोही पहिल्या दीड-दोन मीटरमध्येच. कानांतील दाब वेळेवर सारखा करता आला नाही, तर पडद्याला इजा होऊ शकते. हृदयाचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. शरीर गळ्यापर्यंत पाण्यात गेले, की हातापायांतील रक्त छातीकडे सरकते आणि हृदयाला एकाएकी अधिक काम पडते. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही. ज्यांच्या रक्तवाहिनीत दीड वर्षापूर्वी स्टेंट बसवला आहे आणि जे बहुधा रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असतील, त्यांच्या बाबतीत मात्र हा निर्णय नौकेवरच्या मुलाने पुढे केलेल्या कागदावर सही करून घेण्याचा नव्हे.

तेव्हा यजमानांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना नेमका प्रश्न विचारावा. ‘अंदमानला जाऊ का?’ असे विचारले, तर डॉक्टर हसतमुखाने हो म्हणतील. ‘सहा मीटर खोल पाण्यात शिरस्त्राण घालून अर्धा तास उतरू का, आणि पृष्ठभागावर तरंगत स्नॉर्केलिंग करू का?’ असे दोन वेगळे प्रश्न विचारावेत. दोन्हींची उत्तरे एकच येतील असे नाही. हे विचारताना आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आणून द्या. मोठे सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे. हॅवलॉकहून तेथपर्यंत बोटीने दोन-अडीच तास लागतात, आणि तेही समुद्र शांत असेल तेव्हा. डॉक्टरांनी नाही म्हटले, तर त्यांना काचेच्या तळाच्या नौकेत बसवा. ती नौका म्हणजे काही कमीपणा नव्हे; उथळ आणि नितळ पाण्यात तिच्यातून पुष्कळ दिसते. मित्रमंडळींनी आग्रह धरला, तर तो मोडून काढण्याची जबाबदारी एकट्या यजमानांवर टाकू नका. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा आणि पहिल्याच दिवशी टूर मॅनेजरला दाखवा.

तुमच्यासाठी माझे मत निःसंदिग्ध आहे. जॉली बॉयसाठी होकार कळवा. हे बेट १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येते. पोर्ट ब्लेअरहून वंडूरच्या धक्क्यापर्यंत गाडीने जायचे आणि तेथून बोटीने साधारण तासभर. प्रवाळाला उसंत मिळावी म्हणून जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे वर्षातून आळीपाळीने उघडी ठेवतात; जानेवारीत सहसा जॉली बॉयची पाळी असते. बेटावर धक्का नाही, म्हणून मोठ्या बोटीतून काचेच्या तळाच्या लहान नौकेत उतरवून किनाऱ्यावर नेतात. म्हणजे यजमानांचे प्रवाळदर्शन तेथेच, वेगळे काही न करता होऊन जाते. बेटावर प्लास्टिक नेऊ देत नाहीत. खाण्याचा डबा स्टीलचा घ्या, पाण्याची बाटलीही तशीच घ्या आणि बिस्किटांचे पुडे हॉटेलातच ठेवा.

पोहता येत नाही ही अडचण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. स्नॉर्केलिंगमध्ये लाइफ जॅकेट घालून पाण्यावर पालथे पडायचे असते. बरोबरचा माणूस हवा भरलेली रिंग धरून तुम्हाला हळूहळू ओढत नेतो. खरी अडचण नाकाची असते. मास्कने नाक बंद होते, श्वास फक्त तोंडातल्या नळीने घ्यायचा असतो आणि साठ वर्षांची सवय त्याला तयार नसते. मास्क लावून चेहरा पाण्यात घातला, की दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला छाती भरून आल्यासारखे होते, माणूस घाबरून मान वर काढतो, तेवढ्यात चार थेंब नळीत जातात, ठसका लागतो आणि ‘नको, मला बाहेर काढा’ असे होते. मला हे पक्के ठाऊक आहे, कारण पहिल्या वेळी माझे तंतोतंत असेच झाले. ज्या भेटीचे पैसे भरले होते, त्यातला निम्मा वेळ मी खडकावर बसून काढला आणि प्रवाळ पाहिला तो परतीच्या घाईत, जेमतेम पाच मिनिटे.

म्हणून मास्क आणि नळी आताच विकत घ्या. दुकानात मास्क निवडताना पट्टा डोक्यामागे न घेता तो नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा आहे. घसरला तर दुसरा पाहा. घातल्यावर कपाळावरची एकही बट कडेच्या रबराखाली राहता कामा नये, कारण पाणी नेमके तेथूनच झिरपते. मग घरी एका मोठ्या टपात पाणी भरून त्यात चेहरा बुडवा आणि नळीने शंभरपर्यंत मोजत संथ श्वास घ्या. पहिल्या दिवशी दहापर्यंतही जाणार नाही. आठवडाभराने शंभर सहज होतील. त्यानंतर जवळच्या तरणतलावावर दोन-चार वेळा उथळ भागात, कठडा धरून, हेच करा. चष्मा असेल तर नंबरचा मास्कही मिळतो. त्याची चौकशी आधीच करा. शक्य असेल तर डिसेंबरात तारकर्लीला एक फेरी मारा. तेथे पाणी अंदमानइतके नितळ नसते, पण खारट पाणी नळीत जाण्याची भीती मालवणातच संपली, तर जॉली बॉयचे ते दोन तास पूर्णपणे तुमचे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, म्हणजे मनाला लागणार नाही. पाठ्यपुस्तकातील रंग तुम्हाला दिसणार नाहीत. पाण्यात तांबडा रंग सर्वांत आधी विरतो, म्हणून खालचे पुष्कळसे प्रवाळ तपकिरी, हिरवट, करडे दिसतात. छायाचित्रकार दिवा लावून ते रंग परत आणत असतो. शिवाय २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापल्यामुळे अंदमानच्या प्रवाळांचे मोठे विरंजन झाले होते. प्रवाळाच्या पेशींतील सूक्ष्म शैवाल बाहेर पडले, की तो पांढरा पडतो आणि पाणी लवकर निवले नाही तर मरतो. मेलेल्या प्रवाळाच्या फांद्या तुम्हाला दिसतील, त्यांच्यावर नव्याने धरलेली हाताच्या पंज्याएवढी वाढही दिसेल. सत्तावीस वर्षे भूगोल शिकवलेल्या डोळ्यांना त्यातले जे कळेल, ते इतरांना कळणार नाही. तेथे पाय टेकू नका, काही उचलू नका. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो आणि विमानतळावरील तपासणीत काढून घेतला जातो.

स्कूबाविषयी थोडक्यात लिहिते. तुम्हाला किंवा यजमानांना ते मी सुचवणार नाही. बरोबरच्या ज्यांनी होकार दिला आहे, त्यांना एवढेच सांगा की स्कूबा आणि परतीचे विमान यांत किमान अठरा तासांचे अंतर असावे, आणि सर्दी झालेली असताना कोणीही खाली उतरू नये. प्रवासविमा काढला असेल, तर त्यात साहसी क्रीडा धरल्या आहेत का, हेही पाहावे. अनेक विम्यांत त्या वगळलेल्या असतात. रात्रीच्या कयाकिंगला मात्र तुम्ही मनाने तयार असाल, तर जा. दोघांची बसकी नौका असते, पाणी तिवरांच्या आडचे आणि संथ असते. वल्हे पाण्यात मारले, की प्लवकांमुळे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, निळसर उजेड फुटतो. हा उजेड चांदण्यात दिसत नाही. घरातील दिनदर्शिका काढा, तुमची हॅवलॉकची रात्र अमावास्येच्या आसपास येत असेल तरच पैसे भरा. पौर्णिमा जवळ असेल तर ते पैसे वाचवा. यजमानांनी वल्हवण्याच्या श्रमाबद्दलही डॉक्टरांना विचारावे.

राहिले बाराटांग. येथे मी तुम्हाला जाऊ नका असे सांगणार आहे, आणि त्याचे मुख्य कारण तुमच्या किंवा यजमानांच्या प्रकृतीत नाही. प्रकृतीचेही कारण आहेच. पहाटे तीनच्या सुमारास निघायचे, सुमारे शंभर किलोमीटर जायचे, मग तराफ्यावरून खाडी ओलांडायची, वेगवान नौकेतून तिवरांमधून अर्धा तास जायचे, दीडेक किलोमीटर चालायचे आणि हे सगळे उलट क्रमाने करून संध्याकाळी परतायचे. पण केवळ दगदगीचा प्रश्न असता, तर मी तुम्हाला दुसऱ्या दिवशी विश्रांती घ्या एवढेच सांगितले असते.

तो रस्ता जारवा या अंदमानच्या मूळ आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. जारवा सुमारे चारशे आहेत. बाहेरच्या जगापासून ते शतकानुशतके दूर राहिले. १९९८ च्या सुमारास त्यांच्यापैकी काही जण वस्त्यांच्या बाजूला येऊ लागले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याकडे मूल आठ दिवसांत गोवरातून उठते. ज्यांच्या शरीराला त्या रोगाची ओळखच नाही, त्यांच्यासाठी तो वेगळाच असतो. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा रस्ता त्या भागात बंद करण्याचा आदेश दिला होता. २०१२ च्या जानेवारीत पर्यटकांपुढे जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याचे चित्रीकरण प्रसिद्ध झाले आणि देशभर संताप उसळला. २०१३ च्या जानेवारीत न्यायालयाने पर्यटकांच्या वाहतुकीवर अंतरिम बंदी घातली. मार्चमध्ये ती उठली. आज वाहने पोलिसांच्या देखरेखीखाली ताफ्याने जातात, थांबता येत नाही, छायाचित्र काढता येत नाही, काही देता-घेता येत नाही, आणि नियम मोडल्यास तुरुंगवास होऊ शकतो.

मी काही वर्षांपूर्वी त्या ताफ्यातून गेले आहे. जिरकाटांगच्या नाक्यावर अंधारात गाड्यांची रांग लागली होती, टपरीवर चहा आणि वडे मिळत होते, चालक नावांचे कागद घेऊन खिडकीपुढे उभे होते, आणि सहा वाजता नाका उघडण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून नियम वाचून दाखवण्यात आले. आम्ही सर्वांनी ते ऐकले. सुमारे अर्ध्या तासाने रस्त्याच्या डाव्या कडेला एक बाई आणि सात-आठ वर्षांचा मुलगा उभा दिसला. कोणी काही बोलले नाही, पण गाडीतील सगळेच्या सगळे डाव्या खिडक्यांकडे सरकले, इतके की गाडी त्या अंगाला कलल्याचे जाणवले. एकाने मोबाइल वर केला, तेव्हा चालक ओरडला. मी छायाचित्र काढले नाही, मान मात्र वळवली. तो मुलगा आमच्याकडे पाहत नव्हता. तो रस्त्याकडे पाठ करून उभा होता आणि आमच्या मागे आणखी कितीतरी गाड्या यायच्या होत्या.

गुहा चांगल्या आहेत. चुनखडीचे लोंबते आणि वर वाढणारे खांब तुम्ही फळ्यावर काढले असतील, ते तेथे पाहता येतात. बाराटांगला नौका चालवणाऱ्या कुटुंबांचे पोट या पर्यटकांवर आहे, हेही मी विसरलेले नाही. उत्तरेकडच्या रंगत, मायाबंदर, दिगलीपूरच्या लोकांना रुग्णालयासाठी, बाजारासाठी हा रस्ता वापरावा लागतो. त्यांच्या गरजेबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांना मात्र त्या रस्त्याची गरज नाही. ताफ्यातील एक गाडी कमी होणे आपल्या हातात आहे. बारा जण गेले तर गाडी जाणारच, असे तुम्ही म्हणाल. ते खरे आहे, म्हणून हे पत्र छापून आल्यावर मंडळींना वाचायला द्या. त्यांच्यापैकी कोणाचे मन बदलले तर आनंदच आहे, न बदलल्यास वाद घालू नका.

तो दिवस तुम्हा दोघांना पोर्ट ब्लेअरमध्ये अजिबात मोठा वाटणार नाही. सेल्युलर जेल सहलीच्या कार्यक्रमात असेलच, पण गटाबरोबर तेथे तास-दीड तास मिळतो आणि त्यातला निम्मा सामूहिक छायाचित्रात जातो. त्या दिवशी सकाळी दोघेच पुन्हा जा. तुरुंगाच्या मूळच्या सात पाकळ्यांपैकी, म्हणजे इमारतीच्या भुजांपैकी, तीनच आज उभ्या आहेत. सावरकर १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे तेथे होते आणि थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात असूनही दीर्घकाळ त्यांची भेट नव्हती, हे त्या ओवरीत शांतपणे उभे राहिल्यावर जसे समजते, तसे गर्दीत समजत नाही. वरच्या मजल्यावरील कोठडीकडे जाताना यजमानांना जिन्यात दोनदा थांबू द्या. दुपारी भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचे संग्रहालय पाहा. जारवा, ओंगी, ग्रेट अंदमानी, सेंटिनली या जमातींविषयी जे जाणून घ्यायचे, ते तेथे कोणालाही त्रास न देता जाणून घेता येते. वेळ उरला तर १८८३ पासूनची चॅथमची लाकूड गिरणी आहे. या ठिकाणांचे सुटीचे वार हॉटेलात विचारून घ्या.

कंपनीला कळवताना फोन करू नका, ईमेल करा. दोघांसाठी फक्त जॉली बॉय हवे, कयाकिंगचे तिथी पाहून दोन दिवसांत कळवतो, बाकी तीन भेटी नकोत, असे लिहा. त्याखाली विचारा की जॉली बॉयचा परवाना कंपनी आधी काढणार आहे का आणि तो वार बेट बंद असण्याचा तर नाही ना. समुद्र खवळल्यामुळे बोट सुटली नाही तर पूर्ण पैसे परत मिळतील का, की दुसरा दिवस मिळेल. किमान संख्या भरली नाही तर काय. आणि बाराटांगच्या दिवशी मागे राहणाऱ्यांसाठी गाडी, जेवण आणि संपर्काचा माणूस कोण. हॅवलॉकच्या एलिफंट बीचची बोट कार्यक्रमात धरलेली असेल, तर तिच्या तिकिटात थोड्या वेळाचे स्नॉर्केलिंगही आहे का, तेही विचारून घ्या. तसे असेल, तर जॉली बॉयच्या दिवशी हवामानाने दगा दिला तरी प्रवाळ पाहण्याची दुसरी संधी तुमच्या हातात राहील, आणि टपातल्या पाण्यात केलेला सराव तेथेही तितकाच उपयोगी पडेल.